घोड्यासाठी चाऱ्याच्या गाठी: खरेदीपासून गव्हाणीपर्यंत

माळेगावच्या यात्रेत घोडी घेतली तेव्हा दात बघितले, चाल बघितली, भोवरे कुठं आहेत ते दोन जाणत्या माणसांना विचारलं. ती खाणार काय, हे मात्र कुणालाच विचारलं नाही. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, दोन म्हशी आणि एक बैलजोडी होती. जे त्यांना, तेच हिला, असा साधा हिशोब.

त्याच उन्हाळ्यात गवताच्या चाळीस गाठी घेतल्या. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये भिंतीला चिकटवून रचल्या, वरून ताडपत्री गच्च आवळली आणि निर्धास्त झालो. पोळ्याच्या सुमारास घोडी खोकायला लागली. एक गाठ सोडली तर आतून राखेसारखी पांढरी भुकटी उडाली. तोच चारा म्हशी महिनाभर खात होत्या आणि त्यांना वरवर तरी काही झालेलं नव्हतं.

नवीन घोडेवाल्याची सगळ्यात मोठी फसगत इथंच होते. आपण सगळे गाई-म्हशींच्या अनुभवावर चालतो. गाय रवंथ करते. तिच्या पोटातले जंतू थोडंफार वाईटसाईट आधीच मोडून टाकतात. घोड्याचं पोट एका कप्प्याचं आणि अंगाच्या मानानं लहान. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळं आत गेलेलं पुढंच जाणार. बुरशीच्या धुळीनं त्याला दम्यासारखा आजार जडतो, खराब किंवा फार जाड चाऱ्यानं पोटशूळ उठतो. ‘म्हैस खाते की’ हे वाक्य घोड्याच्या चाऱ्यापुरतं विसरून जा.

हाताशी काय हवं

- लटकवायचा वजनकाटा (कापूस मोजायचा असतो तोच)
- चार-पाच फुटांची लोखंडी सळई. मिळाला तर लांब दांड्याचा तापमापक
- झाकणाची कोरडी काचेची बरणी आणि मूठभर मीठ
- सुतळी कापायला विळा किंवा चाकू
- हातमोजे, तोंडाला बांधायला जाडसा रुमाल, बॅटरी, काठी
- लाकडी पॅलेट, ताडपत्री, दोर, चार-सहा जुने टायर
- एक वही

कागद फार लागत नाहीत, पण जे लागतात ते जपून ठेवा: वजनकाट्याची पावती, विकणाऱ्याचं नाव-नंबर, गवत कोणत्या गावच्या कोणत्या रानातलं ते, कापणीची आणि गाठी बांधल्याची तारीख. टंचाईच्या वर्षी जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घालतात. अशा वर्षी शेजारच्या जिल्ह्यातून माल आणायचा असेल तर गाडी भरण्याआधी तहसील कार्यालयात विचारून घ्या, नाहीतर भरलेली गाडी नाक्यावर अडकते.

१. आधी किती लागतंय ते मोजा

अंदाजानं घेतलेला चारा श्रावणातच संपतो आणि मग मिळेल त्या भावानं मिळेल तसलं घ्यावं लागतं. म्हणून आधी घोड्याचं वजन काढा. त्याला काट्यावर न्यायची गरज नाही, शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजा आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. येतं ते वजन किलोत. माझ्या घोडीचा घेर १६५ आणि लांबी १५०, म्हणजे वजन ३४४ किलोच्या आसपास.

घोड्याला दिवसाला वजनाच्या साधारण दोन टक्के वाळला चारा धरा. काम करणाऱ्या घोड्याला खुराक देत असाल तरी चारा दीड टक्क्याच्या खाली आणू नका. माझ्या घोडीला रोजचे सात किलो. जून ते ऑक्टोबर हे १५३ दिवस धरले तर १,०७१ किलो. त्यात खराब होणारं, सांडणारं, पायाखाली तुडवलं जाणारं म्हणून १५ टक्के मिळवा: सव्वाबाराशे किलो. २० किलोची गाठ असेल तर ६२ गाठी.

‘२० किलोची गाठ’ असं विकणारा म्हणतो. लहान चौकोनी गाठ १५ ते २५ किलोच्या दरम्यान काहीही असू शकते. दहा गाठी काट्याला लावा आणि सरासरी काढा. शक्यतो नगावर सौदा करू नका, वजनावर करा. मात्र वजनावर घेताना ओली गाठ जड भरते, आणि तुम्ही पाण्याला चाऱ्याचा भाव देता, तेवढं लक्षात असू द्या.

२. कसली गाठ घ्यायची, कसली नाही

आपल्याकडं बेलर, म्हणजे गाठी बांधायचं यंत्र, आलं ते मुख्यतः सोयाबीनचं भुसकट, गव्हाचं काड आणि उसाचं पाचट गोळा करायला. म्हणून बाजारात ‘चाऱ्याच्या गाठी’ विचारल्या की पहिल्यांदा हेच पुढं येतं.

सोयाबीनच्या भुसकटात जाड, लाकडासारख्या काड्या असतात. घोड्याच्या आतड्यात त्यांचा बोळा अडकू शकतो, म्हणून मुख्य चारा म्हणून ते नकोच. गव्हाचं काड अंथरायला उत्तम. खाऊ घालायचं तर थोडं, दुसऱ्या चांगल्या चाऱ्यात मिसळून, आणि पाणी भरपूर. पाचटाच्या गाठीकडं घोड्यासाठी बघूही नका.

खरी घ्यायची गाठ गवताची. बालाघाटाच्या डोंगररांगांत आणि माळरानांवर पवना, मारवेल, शेडा ही गवतं येतात. फुलोरा सुरू होता होता कापली तर त्यांत पाला असतो आणि कस असतो. आपल्याकडं मात्र दिवाळी उरकून, गवत पिवळं पडल्यावर विळा लावायची सवय आहे. तोवर बी झडलेलं असतं, काडी तेवढी उरते, आणि कुसळी गवत मिसळलेलं असेल तर कुसळं टणक झालेली असतात. ही कुसळं घोड्याच्या जिभेत, हिरड्यांत आणि गालाच्या आत रुततात. घोडा खाताना मान हलवत असेल, लाळ गाळत असेल, घास तोंडातून टाकत असेल, तर आधी तोंड उघडून बघा.

लसूणघासाची गाठ मिळाली तर सोनं, पण भाकरीसारखी नाही, तोंडी लावण्यासारखी वापरायची. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असतं. साधं काम करणाऱ्या घोड्याला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पुरे. फुलोऱ्यात कापलेल्या लसूणघासात हिंगे, म्हणजे फोड आणणारे भुंगेरे, चिरडून बांधले गेलेले नाहीत ना हे नीट बघा. त्यांचं विष भुंगेरा वाळला तरी जात नाही आणि घोड्याला ते थोडंही बाधतं.

रब्बी ज्वारीचा कडबा आपला हक्काचा. तो गाठीत नाही, पेंडीत येतो आणि शेकड्यावर विकला जातो. चांगला वाळलेला, पाल्याचा कडबा कुट्टी करून गवतात मिसळून चालतो. ज्वारीची कापणीनंतरची कोवळी फूट किंवा पावसाअभावी खुरटलेलं हिरवं धाट मात्र घोड्याला अजिबात नको.

आणि मुरघास. दूधवाले प्लास्टिकच्या पिशव्यांत मक्याचा मुरघास ठेवतात, आणि कुणीतरी मित्र हमखास म्हणतो, ‘दे की थोडा.’ देऊ नका. नीट न मुरलेल्या किंवा हवा शिरलेल्या मुरघासात बॉटुलिझमचं, म्हणजे अंग लुळं पाडणारं, विष तयार होऊ शकतं, आणि त्या विषाला घोडा गुरांपेक्षा फार लवकर बळी पडतो. बुरशी आलेला मका तर घोड्याच्या मेंदूवर जातो.

३. सौदा करताना विचारायचं

भावाआधी चार गोष्टी विचारा. गवत कधी कापलं? कापल्यावर किती दिवस पडून होतं? मधे पाऊस लागला का? गाठी दिवसाच्या कोणत्या वेळी बांधल्या?

शेवटचा प्रश्न विचारला की विकणारा तुमच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे दहिवर पडतं. त्या ओलीत सकाळी सातला बेलर फिरवलं तर ओल गाठीच्या पोटात बंद होते. गवताची गाठ दहिवर उठल्यावर, दहा-अकरानंतर बांधलेली बरी. लसूणघासाचं थोडं उलटं आहे: कडक दुपारी बांधलं तर पाला झडून रानातच राहतो, म्हणून लोक ते किंचित मऊ असताना बांधतात. त्यामुळं लसूणघासाच्या गाठीवर पुढं जास्त लक्ष ठेवावं लागतं.

तणनाशक मारलेल्या बांधावरचं गवत आहे का, हेही विचारून टाका. खरं उत्तर मिळेलच असं नाही.

४. गाडी रिकामी होण्याआधी तपासा

गड्यांनी दोर सोडले की तुमची सौद्याची ताकद संपली. म्हणून गाडी उभी असतानाच वरची एक, मधली एक आणि खालची एक अशा तीन गाठी काढा आणि त्या सोडा. बाहेरून गाठ पिवळी दिसली तर घाबरू नका, उन्हानं रंग उडतो. आत हिरवट हवी.

नाकाजवळ धरा. वाळल्या गवताचा गोडसर वास यायला हवा. कुबट वास आला तर बुरशी. तंबाखूसारखा किंवा करपलेल्या गुळासारखा वास आला तर गाठ आत तापून गेलेली आहे. दिसायला ती तपकिरी आणि छान असते, जनावरं आवडीनं खातातही, पण कस जळालेला असतो.

मग एक थर उचलून उन्हात झटका. थोडी धूळ उडणारच, आपल्या मातीची आहे. पण राखाडी-पांढरा लोट उठला, थर एकमेकांना चिकटलेले असले, मधे काळे ठिपके असले, तर ती गाठ घोड्यासाठी नाही.

ओल तपासायला मिठाची बरणी. मीठ आधी तव्यावर भाजून कोरडं करून गार होऊ द्या. गाठीच्या पोटातलं गवत बोटभर कापून बरणी पाऊण भरा, त्यात दोन-तीन चमचे मीठ घाला, झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा. मीठ सुटं राहिलं तर गाठ कोरडी. मिठाचे खडे झाले, ते काचेला चिकटलं, तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. साठवायची गाठ १५ टक्क्यांच्या आत असली की निश्चिंत. १८ पर्यंत लहान गाठ हवेशीर ठेवून निभावते. २० च्या पुढची घेऊच नका, फुकट दिली तरी. आमच्या गावातले लोक मला ‘बरणीवाला’ म्हणतात, म्हणू देत.

गाठ सुटलेलीच आहे तर थर पसरून आत दुसरं काय काय आहे तेही बघा:

- कण्हेरीची पानं. वाळली तरी तेवढीच विषारी. घराच्या किंवा देवळाच्या कुंपणालगतचं गवत असेल तर हमखास बघा.
- एरंडाच्या बिया, धोतऱ्याची काटेरी बोंडं.
- खुळखुळा. शेंगा वाजतात म्हणून हे नाव. याचं विष हळूहळू यकृतात साठतं आणि घोडा आजारी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.
- घाणेरी, गाजरगवत, रुई.
- चिरडलेला उंदीर, साप, सरडा. मेलेल्या जनावराभोवतीच्या चाऱ्यात बॉटुलिझमचा धोका असतो. तेवढा भाग काढून बाकीचा वापरू, असा विचार करू नका, अख्खी गाठ बाजूला काढा.

तीनपैकी दोन गाठी नापास झाल्या तर गाडी परत. मला हे पहिल्यांदा जमलं नाही. ड्रायव्हर ‘मालक, एवढ्या लांबून आलोय’ म्हणाला आणि मी भिडेपोटी माल उतरवून घेतला. तोच चाळीस गाठींचा माल.

५. जागा: काळ्या मातीवर काहीही ठेवू नका

मराठवाड्यातली काळी माती पाणी धरून ठेवते, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ठेवलेल्या गाठीचा खालचा थर ताडपत्री कितीही चांगली असली तरी सडतोच, कारण ओल खालून येते. आम्ही सगळे वर बघत राहतो.

आखाड्यावरची सगळ्यात उंच जागा निवडा. मुरूम टाकून धुमसानं बसवा, नऊ-दहा इंचांचा ओटा करा, चारी बाजूंनी पाणी काढून द्या. त्यावर पॅलेट. पॅलेट नसतील तर दगड मांडून त्यावर लाकडी ओंडके, म्हणजे खालून वारं खेळेल. ओढ्यालगतची सपाट जागा सोयीची वाटते, गाडी थेट जाते. पण २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जे पाणी आलं ते बघितलेला माणूस तिथं चारा ठेवणार नाही. पुराच्या पाण्यात बुडालेली गाठ नंतर वाळवून घोड्याला घालता येत नाही. ती रचीत ठेवलीत तर तापते ते वेगळंच.

६२ गाठींना किती जागा? एक गाठ साधारण तीन फूट लांब, दीड फूट रुंद. पाच थर धरले तर एका थरात बारा-तेरा गाठी, म्हणजे ५५-६० चौरस फूट. भिंतीपासून दीड-दोन फूट मोकळं आणि माणसाला शिरायला वाट धरून बारा बाय बाराची खोली किंवा शेड पुरते.

घोडा बांधतो त्याच छपराखाली चारा रचू नका. सोय असते हे मान्य, पण धूळ रात्रभर त्याच्या नाकात जाते आणि आग लागली तर दोन्ही जातं. माझी रच आता पागेपासून पन्नास फुटांवर आहे. शेडमधून विजेची उघडी तार जात असेल तर आधी ती काढा. फेब्रुवारीपासून शेजारच्या रानात पाचट पेटवलं जातं, त्या बाजूला दहा-बारा फूट पट्टा नांगरून काळा ठेवा.

६. रचणं

उचलताना गुडघे वाकवा, गाठ अंगाजवळ धरा. दोन्ही सुतळ्यांत हात घालून झटक्यानं फेकू नका. कंबर आणि सुतळी, दोन्ही तुटतात. बाह्या लांब, हातमोजे घातलेले, तोंडाला रुमाल.

सगळ्यात खालचा थर कुशीवर ठेवा, म्हणजे सुतळ्या बाजूला राहतील, जमिनीकडं नाही. सुतळी खाली गेली की आधी ती कुजते आणि उचलताना गाठ हातात सुटते. वरचे थर विटांचं बांधकाम करतो तसे सांधे चुकवून लावा. गाठी एकमेकींत ठोकून बसवू नका, बोटभर फट राहू द्या. जुना माल समोर, नवा मागं. आणि प्रत्येक खेपेला रंगाचा एक फटका मारून ठेवा, यंदा निळा, पुढं लाल. वहीत तारीख लिहा.

गुरांच्या खाद्याची पोती या खोलीत नकोत. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याला थोडक्या प्रमाणातही मारक आहे. पोतं फुटून सांडलं आणि चाऱ्यात मिसळलं, एवढं पुरतं.

उंदरांसाठी विषाचे गोळे आणि धान्यात टाकायच्या किडीच्या गोळ्याही इथं नकोत. त्यापेक्षा मांजर पाळा. आमचं मांजर आळशी आहे, पण तिच्या वासानंच बरंच काम होतं.

७. पहिले सहा आठवडे डोळ्यांत तेल घालून

नव्या गाठीत थोडी ओल असते. तिच्यावर जंतू वाढतात, जंतूंमुळं उष्णता होते, आणि रचीच्या पोटातून ती बाहेर पडायला वाट नसते. आपले म्हातारे सांगायचे की ओली गंजी आपोआप पेटते. लोक ते कुणाच्या तरी बिडीवर ढकलतात. म्हाताऱ्यांचं खरं होतं.

पहिले दोन-तीन आठवडे रोज, पुढचे तीन आठवडे एक दिवसाआड, सळई रचीच्या मध्यात खोचा. पंधरा मिनिटांनी काढून लगेच हातात धरा. कोमट लागली तर ठीक. गरम लागली, पण धरवतेय, तर दिवसातून दोनदा बघा. चटका बसून हात सुटला तर रच तापली आहे. तापमापक असेल तर हिशोब असा:

- ५५ अंशांपर्यंत: रोज मोजा.
- ५५ ते ६५: वरच्या गाठी मोकळ्या करा, हवा लागू द्या, दर काही तासांनी मोजत राहा.
- ६५ च्या पुढं: घोडे आणि गुरं लांब हलवा, पाण्याची सोय करा.
- ७० च्या पुढं: गाठी ओढून काढू नका. आतून धुमसणाऱ्या रचीला हवा मिळाली की भडका उडतो. अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन करा आणि ते आल्यावरच रच हलवा.

रचीवर चढून बघायचा मोह होतो. आतून जळून पोकळी झालेली असते आणि माणूस त्यात खचतो. चढू नका.

८. ताडपत्री आणि पावसाळा

माझी दुसरी मोठी चूक ताडपत्रीची. नवीन गाठी चारी बाजूंनी गच्च झाकल्या की आतली वाफ ताडपत्रीला लागून थेंब होऊन परत गाठीवरच पडते. रचीला घाम फुटतो. ताडपत्री फक्त वरून, उतार देऊन, आणि मधे बांबू किंवा काठ्या घालून वीतभर उंच ठेवा. बाजू उघड्या. पावसाचा मारा ज्या अंगानं येतो तेवढीच बाजू खाली सोडा, तीही उघडीप पडली की गुंडाळायची.

वजनाला दगड ठेवू नका, कोपऱ्यानं ताडपत्री फाटते. दोराला लटकवलेले जुने टायर चांगले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवत असेल तर पावसाळा संपला म्हणून दिवाळीत ताडपत्री घडी करून माळ्यावर टाकणार नाही. आणि गारा पडून गेल्या की ती उन्हाकडं धरून भोकं बघा.

नुकसान झालंच तर गाठी हलवण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवून पंचनामा मागा. वहीतल्या तारखा आणि काट्याची पावती तेव्हा कामाला येते.

९. रोज गाठ उघडताना

आधी काठीनं ठोका, मग बॅटरी मारा, मग हात. चाऱ्यात उंदीर आणि उंदरामागं साप, हे ठरलेलं आहे. घोणस रंगानं वाळल्या पाल्यात मिसळून जाते. विंचू तर सुतळीखालीच बसतो.

दोन्ही सुतळ्या गाठीजवळ कापा आणि कापल्या कापल्या खिळ्याला लटकवा. गाठीला दोन, म्हणजे पाच गाठींच्या दहा. संध्याकाळी मोजा. एक कमी असेल तर ती एकतर घोड्याच्या पायात आहे किंवा पोटात. नायलॉनची सुतळी आतड्यात गुंता करते. गोल गाठीची जाळी असेल तर ती पूर्ण सोलून काढा, तुकडा राहू देऊ नका.

थर सुटे करून झटका, पागेपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. खोकणाऱ्या घोड्याला चारा दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून, निथळून द्या. धूळ बसते, बुरशी जात नाही. बुरशीची गाठ भिजवून चांगली होत नाही. उन्हाळ्यात भिजवलेलं दोन तासांत संपेल एवढंच द्या, बेचाळीस अंशांत ते आंबतं.

नवी खेप आली की एकदम बदल नको. पहिल्या दिवशी पाव हिस्सा नवा, मग वाढवत वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण. आणि सात किलो एका वेळी गव्हाणीत ओतू नका, तीन-चार वेळा विभागून द्या. रात्रीचा वाटा मोठा ठेवा.

घोडा पाय आपटतोय, सारखा पोटाकडं बघतोय, लोळतोय, लीद टाकत नाहीये, किंवा जीभ लुळी पडून घास गिळता येत नाहीये, तर गव्हाण रिकामी करा आणि डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२. त्या दिवशीच्या गाठीतला मूठभर चारा कागदी पिशवीत घालून तारखेसह ठेवा. पुढं गरज पडली तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं विचारता येतं.

१०. मे महिन्यात खोली रिकामी

नवीन माल येण्याआधी उरलेला सगळा चारा बाहेर काढा. चांगला असेल तो आधी खपवा, शंका असेल तो अंथरायलाही नको, उकिरड्यावर टाका. अंथरलेलं घोडा खातो. पॅलेट उलटे करून उन्हात दोन दिवस ठेवा, जमीन खरडून झाडा, उंदरांची बिळं मुरूम घालून धुमसानं बंद करा.

हे काम सकाळी लवकर आणि दोघांनी मिळून करा, एकानं पॅलेट उचलायचं, दुसऱ्यानं काठी घेऊन उभं राहायचं. गेल्या उन्हाळ्यात शेवटच्या पॅलेटखाली आम्हाला घोणशीची अख्खी कात सापडली, साडेतीन फुटांची. घोणस सापडली नाही. त्या दिवसापासून आमचा गडी बॅटरी मागून घेतल्याशिवाय खोलीत पाय टाकत नाही.